महिन्याचं वाणसामान, ॲप आणि घरपोच डिलिव्हरी: खर्च आणि नासाडी आटोक्यात कशी आणायची, पहिल्यापासून सगळं

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत स्वयंपाकघरातलं वरचं कपाट रिकामं केलं तेव्हा साबुदाण्याची चार पाकिटं निघाली, चारही फोडलेली, चारही रबरबँड लावून ठेवलेली. ओव्याच्या तीन पुड्या, कॉर्नफ्लोअरचे दोन डबे, आणि रव्याचं पाकीट उचललं तर आत जाळी धरलेली, रवा गोळ्यागोळ्यांनी खाली पडला. घरात आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतली मुलगी, आणि ऑर्डर जायच्या तीन फोनवरून. मी ऑफिसातून येताना ट्रेनमध्ये बसून टाकायची, नवरा रात्री टाकायचा, आणि संध्याकाळी काही कमी पडलं की आई, म्हणजे सासूबाई, मुलीला सांगायच्या, बघ गं जरा मागव. कुणाचंच चुकत नव्हतं पण घरात काय आहे हे एकालाही धड माहीत नव्हतं. त्या दिवशी जे फेकावं लागलं त्याच्या किमती पाकिटांवर बघून लिहून काढल्या, साडेआठशे रुपये झाले. अन्न फेकताना हात जड होतो तो वेगळाच.

तेव्हापासून जे करत आले ते इथे नीट लिहितेय. आमचं घर डोंबिवलीत आहे, म्हणजे खाली किराणा दुकान, स्टेशनजवळ भाजी मार्केट आणि फोनमध्ये दहा मिनिटांत आणून देणारी ॲप्स, तिन्ही हाताशी आहेत. तुमच्याकडे यातलं एखादं नसेल तर तेवढं सोडून बाकीचं करा. ॲप बंद करा असं मी म्हणणार नाही, नोकरी करणाऱ्या बाईला आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना त्याचा केवढा आधार आहे ते मला माहितीय. माझं म्हणणं इतकंच की यादी घरात, डबे बघून तयार झाली पाहिजे. ॲप उघडल्यावर समोर दिसतंय ते बघून यादी सुचायला लागली की ती आपली यादी राहत नाही.

सुरुवात डब्यांपासून

एक रविवार काढा, दोन तास पुरतात. सगळे डबे, बरण्या, फ्रीजचे खण, बाथरूममधलं साबण-पावडरीचं कपाट, सगळं बाहेर काढा. एकाच वस्तूची फोडलेली पाकिटं एका डब्यात करा, पण त्याआधी तारखा बघा आणि आधी संपणारं वर राहील असं भरा. मग वही घ्या (फोनमध्ये लिहिलं तरी चालेल पण आमच्याकडे आईंना वाचता यावं म्हणून वहीच आहे) आणि काय किती आहे ते लिहा. अंदाजे नको, वजनकाटा असेल तर वजन करून लिहा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा चार-पाचशे रुपयांत मिळतो आणि तो पुढे पण फार कामाला येतो, का ते खाली सांगतेच.

हे झालं की सामानाचे गठ्ठे पाडायचे. पहिला गठ्ठा वर्षाच्या बेगमीचा, म्हणजे गहू, तांदूळ, हळद, तिखट, मसाला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य भरायची पद्धत आहे ती काही उगाच नाही, धान्य नवीन असतं आणि ऊन कडक असल्यामुळे वाळवून भरता येतं. जागा नसेल तर सहा महिन्यांचं भरा, ते पण जमणार नसेल तर हा गठ्ठा महिन्यात मिसळा, वन बीएचकेमध्ये पन्नास किलो गव्हाची कोठी कुठे ठेवणार.

दुसरा गठ्ठा महिन्याचा, डाळी, तेल, साखर, गूळ, पोहे, रवा, शेंगदाणे, चहा, साबण, कपड्याची पावडर, भांड्याचा बार. तिसरा आठवड्याचा, भाजी, फळं, कांदे-बटाटे, अंडी, ब्रेड. आणि चौथा म्हणजे अचानकचा, पाहुणे आले आणि दूध कमी पडलं, मुलीला उद्या शाळेत चार्ट पेपर पाहिजे, असलं सगळं. दहा मिनिटांवाली ॲप्स या चौथ्या गठ्ठ्यासाठी उत्तम आहेत. घोळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या गठ्ठ्यातल्या वस्तू चौथ्यासारख्या मागवायला लागलो की. पाव किलो साखर मागवली, दोन दिवसांनी अर्धा किलो पोहे मागवले, प्रत्येक वेळी वेगळं बिल आणि प्रत्येक वेळी सोबत एक चॉकलेट नाहीतर वेफर्सचं पाकीट.

किती लागतं हे एकदा मोजायचंच

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे पण याच्याशिवाय पुढचं काही होत नाही. एक महिना काहीच बदलू नका, फक्त नवीन पाकीट फोडलं की त्यावर पेनाने तारीख टाका आणि संपलं की वहीत लिहा. आमचं असं निघालं, तूरडाळ सव्वादोन किलो, साखर अडीच किलो, पोहे दीड किलो, शेंगदाणे एक किलो (कूट सगळ्यात पडतं आमच्याकडे), तेल साडेतीन लिटर. तेलाचा आकडा बघून मी आणि नवरा दोघेही थांबलो, कारण मी पाच लिटरचा कॅन आणायचे आणि कॅन मोठा असला की हात सैल सुटतो, कढईत ओततानाच जास्त पडतं. आता लिटरच्या पिशव्या आणते, एक फोडून बुधलीत भरते, तीन लिटरमध्ये महिना निघतो.

तुमचे आकडे वेगळे येणार. डबे नेणारी माणसं घरात किती, उपास कोण कोण करतं, पाहुण्यांची ये-जा किती, यावर सगळं आहे. श्रावणात साबुदाणा, वरी, शेंगदाणे वाढतात, गणपतीत गूळ-खोबरं-रवा, मे महिन्यात मुलं घरी म्हणून सगळंच. वहीत त्या महिन्याच्या पानावर आधीच लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पळापळ नको.

आकडे मिळाले की यादी करणं म्हणजे वजाबाकी. लागतं सव्वादोन किलो, डब्यात आहे अर्धा, आणायची पावणेदोन म्हणजे दोन किलो. ही यादी आमच्या फ्रीजवर चिकटवलेली असते आणि तिथे लिहिल्याशिवाय कुणीही काहीही मागवायचं नाही हा एकच नियम घरात केला. मुलगी पण लिहिते. पहिले पंधरा दिवस कुरबूर झाली, मग अंगवळणी पडलं.

भाव बघायचा तो किलोचा, पाकिटाचा नाही

आता पैशाचा खरा भाग. ॲपवर भाजी बघा, भोपळी मिरची २०० ग्राम २४ रुपये असं दिसतं आणि आपल्या डोक्यात मार्केटमधला पाव किलोचा २५ रुपये भाव असतो, म्हणून वाटतं रुपयाने स्वस्तच की. पण २०० ग्रामला पाचाने गुणायचं आणि पावाला चाराने, एक झाला १२० रुपये किलो आणि दुसरा १०० रुपये. हे मी स्वतः कित्येक महिने चुकत होते. कोथिंबीर तर १०० ग्राममध्ये असते आणि मार्केटमध्ये जुडी, ती जुडी एकदा घरी आणून काट्यावर ठेवली तेव्हा कुठे नीट तुलना करता आली.

तेलाचंही तसंच. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्राम भरतं. पूर्वी बहुतेक पिशव्या लिटरच्याच असायच्या, आता ८५० ग्राम, ७५० ग्राम अशा पण येतात आणि दिसायला सगळ्या एकसारख्याच. समजा लिटरची पिशवी १४० रुपयांना आहे आणि ७५० ग्रामची १२० ला, तर दुसरी वीस रुपयांनी स्वस्त दिसते पण १०० ग्रामचा हिशोब केला तर पहिली साडेपंधराच्या आत पडते आणि दुसरी सोळाला. पाकीटबंद मालावर आता एमआरपीच्या जवळ दर ग्रामला किंवा दर मिलीला किती पडतं ते पण छापलेलं असतं, बारीक अक्षरात असतं पण असतं, ते बघायची सवय लावा. बिस्किटं, कपड्याची पावडर, टूथपेस्ट यांच्यात किंमत तीच ठेवून वजन कमी केलेलं यातूनच कळतं. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हे पण खरं नाही, दोन-तीनदा मला छोटं स्वस्त पडलंय. आणि जुन्या बिलावरून भाव ताडत असाल तर एक लक्षात घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, तूप, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याआधीच्या बिलाशी तुलना करून "किती स्वस्त मिळालं" असं समजू नका.

मग येतात वरचे खर्च. डिलिव्हरी चार्ज, हँडलिंग चार्ज, ऑर्डर छोटी असली तर त्याचा वेगळा, पाऊस पडत असला तर त्याचा वेगळा. समजा ३८ रुपयांचं दही मागवलं आणि त्यावर २५, १० आणि २० असे तीन चार्ज लागले तर दही ९३ रुपयांना पडलं. आणि ते टाळायला आपण काय करतो, फ्री डिलिव्हरीसाठी अजून दीडशे रुपयांचं काहीतरी शोधत बसतो. मी वहीत एका कोपऱ्यात महिनाभर फक्त हे वरचे चार्ज लिहिले होते, पहिल्या महिन्यात ते ६१२ रुपये निघाले. म्हणजे आमचा दोन महिन्यांचा चहा. हे एवढं जरी तुम्ही एक महिना केलंत तरी पुढचं कुणी सांगायची गरज पडणार नाही.

कुठून काय आणायचं

माझी वाटणी सांगते. महिन्याचं सामान खालच्या किराणा दुकानातून. दोन तारखेला यादीचा फोटो शेठना व्हॉट्सॲपवर टाकते, संध्याकाळी त्यांचा मुलगा वर आणून देतो, चार्ज काही नाही, आणि डाळीला किडा निघाला तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळते, कुठलं चॅट नाही की फोटो नाही. पंधरा वर्षांची ओळख आहे, लॉकडाऊनमध्ये त्यांनीच तेल-पीठ पुरवलं होतं, ते मी विसरणार नाही. मोठ्या मार्टमध्ये किंवा त्यांच्या ॲपवर साबण-पावडर-शाम्पू बऱ्याचदा एमआरपीपेक्षा चांगले कमी मिळतात, ते तीन महिन्यांतून एकदा एकदम आणतो, ते काही खराब होत नाही. भाजी मार्केटमधून शनिवारी.

मुंबई, ठाणे, पुणे भागात राहत असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीची माहिती जरूर काढा. १९७५ सालापासून चालू आहे. एका भागातली काही कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी आणि पैसे आधी द्यायचे, पंचायत एकदम मोठी खरेदी करून माल पाठवते, तो एकाच्या घरी उतरतो आणि सभासद आपसात वाटून घेतात. माझ्या आईचा गिरगावात असा संघ होता, वाटपाच्या दिवशी आमच्या खोलीत डाळींच्या पिशव्या मांडलेल्या असायच्या आणि शेजारच्या सगळ्या बायका हिशोब घेऊन बसायच्या. आता आपण ज्याला ग्रुप बाइंग म्हणतो ते आपल्याकडे तेव्हाच होतं. यादी आधी करावी लागते म्हणून शिस्त आपोआप लागते हा त्यातला मोठा फायदा. सोसायटीत आठ-दहा घरं तयार असतील तर असंच स्वतःचं पण करता येतं, आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही आंबे आणि इंद्रायणी तांदूळ शेतकऱ्याकडून थेट आणतो.

ॲपमध्ये करायच्या गोष्टी

आधी नोटिफिकेशन बंद. ऑर्डरचं ट्रॅकिंग चालू राहू दे, ऑफर्सचं बंद करा, बहुतेक ॲपमध्ये दोन्ही वेगळं असतं. मग घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच अकाउंट ठेवा, म्हणजे नवऱ्याने दुपारी दूध मागवलंय ते मला ऑर्डरमध्ये दिसेल. यादीतलं नाव थेट सर्चमध्ये टाका, होमपेजवर फिरू नका. आणि जे चौथ्या गठ्ठ्यातलं नाही ते कार्टमध्ये टाकून एक रात्र तसंच राहू द्या, सकाळी निम्मं तुम्ही स्वतःच काढून टाकाल.

पैसे भरण्याआधी कार्ट वरपासून खालपर्यंत वाचायचं, हे मी फार कळकळीने सांगतेय. कधी त्यात पाच-दहा रुपयांची देणगी आपोआप जोडलेली असते, कधी मेंबरशिप, कधी "फ्री" नमुना जो पुढच्या वेळी फ्री नसतो. आपल्याला कळू न देता काहीतरी जोडणं, "फक्त २ उरले" असं खोटं घाईचं दाखवणं, शेवटच्या पानावर चार्ज वाढवणं, मेंबरशिप घ्यायला एक बटण आणि सोडायला दहा पानं, या सगळ्याला डार्क पॅटर्न म्हणतात आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ प्रकारांची यादी काढून त्यावर बंदी घातलेली आहे. म्हणजे आपल्याला उगाच संशय येतोय असं नाही, हे नियमाच्या बाहेरचं आहे आणि त्याची तक्रार होते.

मेंबरशिप घेतलीच असेल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे (दर वेळी न विचारता आपोआप कापले जाणारे पैसे) नावाचा भाग शोधा आणि तिथे काय काय चालू आहे ते बघा. मला तिथे एक दीड वर्षापूर्वीची मेंबरशिप सापडली होती, तिथल्या तिथे बंद केली. कार्डावर असेल तर पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज वाचत जा, जाहिरात समजून पुसू नका.

दारात सामान आलं की

आमची बिल्डिंग जुनी, चार मजले, लिफ्ट नाही. पोरगा धापा टाकत वर येतो, हातात दोन पिशव्या, कानाला फोन, पुढची ऑर्डर वाजत असते. त्याला पाणी विचारा, आणि पाच किलोचं पीठ, तेलाचे कॅन असं जड सामान भर दुपारी उन्हात मागवू नका, संध्याकाळचा स्लॉट घ्या नाहीतर खालीच उतरून घ्या. सामान खराब निघालं तर त्यात त्याचा काही दोष नसतो, त्याच्यावर ओरडून काहीही हाती लागत नाही.

पण तपासायचं मात्र नक्की. ओटीपी सामान हातात आल्यावरच द्यायचा. आधी नग मोजा, मग सील बघा, मग तारीख. थंड सामान गरम झालेलं नाही ना ते हाताला कळतं. खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर असतो, तो नसलेलं पाकीटबंद खाणं घेऊ नका. महागाची वस्तू असेल, मोबाइल, मिक्सर वगैरे, तर खोका फोडायच्या आधीपासून व्हिडिओ चालू करा, त्यात लेबल, चारही बाजू, सील आणि मग आतली वस्तू, मध्ये न थांबवता. मोठ्या खरेदीला ओपन बॉक्स डिलिव्हरी (दारातच खोका उघडून वस्तू दाखवतात) मिळत असेल तर तीच निवडा. भाजी-डाळ-तेल जे काही वजनावर घेतलंय त्यातलं एखादं अधूनमधून काट्यावर ठेवा, मघाशी म्हटलं तो काटा यासाठी. वजन कमी भरलं किंवा एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर त्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते. खाण्यातल्या भेसळीची अन्न व औषध प्रशासनाकडे, त्यांचा महाराष्ट्राचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५.

खोक्यावर आपलं नाव, पत्ता, मोबाइल नंबर छापलेला असतो. रद्दीत द्यायच्या आधी ते लेबल फाडून काढा किंवा काळ्या मार्करने घासून टाका. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या, तो बारीक तुकडा पुढे गोळाच होत नाही. पिशवी धुऊन वाळवली की भंगारवाला घेतो.

भरून ठेवण्याचं तुम्हाला माहीतच असेल, तरी थोडक्यात. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून गार करून भरायचा, शेंगदाणे पावसाळ्यात फ्रीजमध्ये, साखरेत चार लवंगा टाकल्या की मुंग्या लांब राहतात, तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवून ऊन दाखवायचं. नवीन डाळ जुन्यावर ओतायची नाही, जुनी संपवून डबा पुसून मगच.

गडबड झाली तर

मला काय झालं ते सांगते. एका ॲपवरून थालीपीठ भाजणीची दोन पाकिटं मागवली, आली तेव्हा वापरायची मुदत नऊ दिवस राहिलेली. एक किलो भाजणी नऊ दिवसांत कोण संपवणार. चॅटवर टाकलं तर उत्तर आलं, ही वस्तू परत होत नाही. आधी मी गप्प बसणार होते, १८० रुपयांसाठी कुठे डोकं लावायचं म्हणून. मग वाचलं तेव्हा कळलं की एफएसएसएआयने २०२४ मध्येच ऑनलाइन खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना सांगितलंय, घरी पोचवताना मालाची किमान ३० टक्के मुदत किंवा संपायला ४५ दिवस तरी शिल्लक असले पाहिजेत.

मग पायरीपायरीने गेले, तुम्ही पण असंच करा. पहिलं, वस्तू, तारीख, बिल आणि चॅट यांचे फोटो-स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, भाजी-दुधाच्या तक्रारीला बऱ्याच ॲपवर फार थोडा वेळ असतो. दुसरं, चॅटमधल्या उत्तरावर थांबू नका, ॲपच्या किंवा वेबसाइटच्या तळाशी ग्रीव्हन्स ऑफिसरचं, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं, नाव आणि ईमेल असतो, तो द्यावाच लागतो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे. त्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निकाल लावायचा असतो. त्याच नियमांत असंही आहे की माल सदोष असेल, दाखवल्याप्रमाणे नसेल, किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आला असेल तर विकणारा परत घ्यायला नाही म्हणू शकत नाही (पूर, संप असली हाताबाहेरची कारणं सोडून). "नॉन रिटर्नेबल" हे शब्द वाचून हात टेकू नका.

तिसरं, तिथेही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. फोन नको असेल तर ८८००००१९१५ या नंबरवर व्हॉट्सॲप करा किंवा त्यांच्या वेबसाइटवर भरा. लिहिताना रागाचं सगळं काढून टाका, ऑर्डर नंबर, तारीख, काय मागवलं, काय आलं, काय पाहिजे (पैसे परत की वस्तू बदलून) एवढंच आठ-दहा ओळींत. माझे पैसे बाराव्या दिवशी खात्यात आले. ही हेल्पलाइन कंपनीशी बोलून मार्ग काढते, हुकूम काढायचा अधिकार तिला नाही. मोठी रक्कम अडकली असेल आणि तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

फसवणुकीचं मात्र वेगळं आहे आणि त्यात वेळ घालवायचा नसतो. घरात म्हातारी माणसं असतील तर हे त्यांना बसवून सांगा. रिफंड घ्यायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पैसे यायचे असतील तर ते आपोआप येतात. "पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर पाच रुपये भरा" असा मेसेज आला तर लिंक दाबायची नाही, ॲप उघडून ऑर्डर बघायची. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, ॲपमधूनच घ्यायचा. आणि कुणी न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरी पार्सल घेऊन आलं तर पैसे द्यायचे नाहीत. आमच्या आईंनी एकदा माझ्या नवऱ्याचंच असेल म्हणून ४९९ रुपये दिले होते, आत चिंधीसारखा रुमाल. आता त्या आधी फ्रीजवरची यादी बघतात, नाव नसेल तर "आमचं नाही दादा" म्हणून परत पाठवतात. पैसे गेलेच तर एक मिनिट न दवडता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, आणि बँकेला पण लगेच, तीन दिवसांच्या आत तर कळवाच. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे मध्येच अडवले जायची शक्यता जास्त.

महिनाअखेर

तीस तारखेला रात्री जेवणं झाली की आई आणि मी डबे उघडतो. त्या सांगतात, मी लिहिते. काय उरलं, काय आधीच संपलं, ॲपवरून किती वेळा मागवलं, वरचे चार्ज किती गेले, काय फेकलं. फेकलं हा रकाना सोडू नका, लाज वाटली तरी लिहा. पहिल्या महिन्यात आमच्या बावीस ऑर्डरी होत्या, आता सहा-सातवर आल्यात, त्यातल्या दोन-तीन दुधाच्या असतात. वरचे चार्ज गेल्या महिन्यात ९४ रुपये.

या महिन्याच्या पानावर पोहे अर्धा किलो कमी लिहिलेत, मुलीची सकाळची शाळा बदलून दुपारची झालीय म्हणून. शेंगदाण्यांपुढे सव्वा किलो केलंय, पुढे आषाढी आहे. आणि साबुदाणा, जो चार पाकिटांत निघाला होता, तो आता काचेच्या एकाच बरणीत असतो, बाहेरून दिसेल असा, खालच्या फळीवर.